मालकांची खरेदीखतं आणि बिऱ्हाडकरूंची नावं

आयर्लंडच्या प्रवासात आम्ही पश्चिमेचे कडे पाहिले, गॉलवेत पावसात भिजलो, डब्लिनमध्ये लहानशा खोलीला भरमसाट पैसे मोजले. या सगळ्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मला लिहायचंय ते डब्लिनमधल्या एका घराबद्दल. हेन्रिएटा स्ट्रीट, क्रमांक १४. लिफी नदीच्या उत्तरेला असलेली ही छोटी गल्ली टोकाला बंद होते. टेंपल बार या पबांच्या वस्तीतल्या गर्दीने डोकं उठलं होतं, इथे मात्र चिटपाखरू नव्हतं.

घर विटांचं, तळघरावर चार मजले. ल्यूक गार्डिनर नावाच्या बिल्डरने ते १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधलं. आता तिथे संग्रहालय आहे. ते एकट्याने फिरून पाहता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. एरवी मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. पण आमच्या बरोबरच्या बाई इतक्या आत्मीयतेने बोलत होत्या, की माझा विरोध पहिल्याच दालनात मावळला.

सुरुवातीचे रहिवासी सगळे बडे लोक. पहिल्यांदा राहायला आले लॉर्ड मोल्सवर्थ. १७०६ च्या रामिलीजच्या लढाईत आपला घोडा देऊन त्यांनी सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोचा जीव वाचवला होता. त्यांच्या दोन मुली याच घरात जन्मल्या. पुढे लॉर्ड चॅन्सलर जॉन बोज आले, व्हायकाउंट डिलन आले. १८०१ मध्ये डब्लिनची संसद बंद होऊन सत्ता लंडनला गेली, तसे श्रीमंतही शहर सोडू लागले आणि गल्लीत वकिलांचा वावर वाढला. १८५० च्या सुमाराला घरात एक न्यायालय आलं. मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकणं हे त्याचं काम. मग काही वर्षं सैनिक राहिले. १८७७ मध्ये टॉमस व्हान्सने घर विकत घेतलं, मुख्य जिना काढून टाकला आणि त्याच वास्तूत १९ बिऱ्हाडांची सोय केली.

इथपर्यंत साखळी कुठेच तुटत नाही, कारण मालकी बदलली की कागद होतो. गल्लीच्या टोकाला किंग्ज इन्स या बॅरिस्टरांच्या संस्थेची भव्य इमारत आहे आणि तिच्याच एका भागात दस्तनोंदणीचं कार्यालय. १७०८ पासूनच्या व्यवहारांचे गोषवारे त्या कार्यालयाच्या दप्तरात आहेत. ही नोंदणी सुरू झाली तीसुद्धा कॅथलिकांच्या हाती जमीन जाऊ नये, या कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी. म्हणजे मालक कोण, हे लिहून ठेवण्यात सरकारला पहिल्यापासून रस होता.

आणि राहणारे? व्हान्सची जाहिरात आजही वाचता येते. सभ्य कुटुंबांना खोल्या देणे आहेत, गॅस आहे, संडास जिन्याच्या टप्प्यावर, व्हार्ट्री नदीचं नळाचं पाणी, प्रत्येक भाडेकरूला भट्टीसह चूल. ती वाचून मी बाईंना विचारलं, ही पहिली सभ्य कुटुंबं कोणती? त्यांनी मान हलवली. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेचे कागद पहिल्या महायुद्धात सरकारनेच लगद्यासाठी दिले. १८६१ आणि १८७१ चे तर त्याआधीच नष्ट केले होते. त्याहून जुने होते ते १९२२ मध्ये फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या सरकारी दप्तराला लागलेल्या आगीत गेले. मला फार राग आला. घरमालकाची जाहिरात शाबूत राहते आणि ती वाचून संसार घेऊन आलेल्या माणसांचं नावही उरत नाही! आगीचं एकवेळ समजू शकते, पण लगदा?

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बसून मी १९११ चे कागद उघडले. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९०१ आणि १९११ चे मूळ फॉर्म इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. रस्त्याचं नाव घातलं की घरं येतात, घर उघडलं की माणसं. १४ क्रमांकात त्या वर्षी शंभर माणसं राहत होती. टोप्या शिवणाऱ्या, पुस्तकं बांधणारे, फर्निचरला पॉलिश करणारे. गल्लीत मिळून साडेआठशेहून जास्त. नाव, वय, धर्म, वाचता येतं का, हे सगळं आहेच. पण विवाहित बाईसाठी आणखी रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. शेवटचे दोन आकडे बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. एकामागून एक फॉर्म वाचत मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. दुसऱ्या दिवसाचा ठरलेला किल्ला आम्ही रद्द केला आणि मी परत त्या गल्लीत गेले.

मागच्या जिन्याच्या भिंती खाली लाल, वर निळ्या. लाल रंग मेंढ्यांवर खूण करायच्या गेरूचा, निळा रेकिटच्या निळीचा. आपल्या घरी पांढऱ्या कपड्यांना घालायची रॉबिन नीळ त्याच कंपनीची. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला तो जिना परका वाटणं शक्यच नव्हतं. शेवटची कुटुंबं १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेली. दुरुस्ती करणाऱ्यांनी हे रंग खरवडले नाहीत, जमिनीवरच्या लिनोलियमचे तुकडेही जपले. शिवाय इथे राहिलेल्या माणसांना शोधून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. मोल्सवर्थच्या दालनाइतकाच मान या जिन्याला मिळाला, यासाठी मी डब्लिनची ऋणी आहे. मुंबईत चाळी पाडताना पात्र भाडेकरूंची यादी होते, पण ती फ्लॅट देण्यापुरती. त्या खोल्यांमध्ये कोण कसं राहिलं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तुम्ही जाणार असाल तर आधी जनगणनेचे फॉर्म वाचा आणि मग घर पाहा. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे तिथे जनगणना झालीच नाही. पुढची झाली १८ एप्रिल १९२६ ला, आणि तिचे कागद शंभर वर्षं बंद ठेवायचा कायदा आहे. ती मुदत एप्रिल २०२६ ची. मी सगळ्यात आधी १४ क्रमांक उघडणार आहे. १९११ मधली कोणती कुटुंबं पंधरा वर्षांनीही तिथेच होती, हे मला पाहायचंय.