पळालात की चाललात?

हाफ मॅरेथॉन पूर्ण केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळं पळालात, की मध्ये चाललात?" वेळ किती लागला, पाय दुखले का, हे सगळं नंतर. बडोद्याला दांडिया बाजारात आमच्याकडे जाऊबाईंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाने हेच विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते. चालले. भरपूर चालले. त्यातलं थोडं ठरवून होतं आणि बरंचसं नाइलाजाने.

ठरवून ते असं: चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून, दम लागायच्या आधीच. जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन धावपटूने ही पद्धत लोकप्रिय केली. हा गृहस्थ 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला, त्यामुळे आळशी माणसाची पळवाट म्हणून ती उडवून लावता येत नाही. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे मांड्यांना तेवढीच उसंत मिळते, छातीचे ठोके खाली येतात आणि पाणी अंगावर न सांडता पिता येतं.

सराव कमाटी बागेत. थंडीत विश्वामित्रीच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. आपण घामाघूम होऊन पुलावरून जावं आणि खाली त्या ढिम्म, यासारखा अपमान नाही. बागेत ठीक चालायचं: झाडांची सावली, ओळखीचे चेहरे, "काय वहिनी, आज लवकर?" असं विचारणारे जोशीबुवांसारखे लोक. शर्यतीत यातलं काहीच नसतं, हे मात्र बागेने शिकवलं नाही.

शर्यतीचे पहिले बारा किलोमीटर छान गेले, म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ढोल होते, शाळेची मुलं हात पुढे करून टाळ्या देत होती, दहा किलोमीटरवाले सोबतीला होते. मग ते वळून परत गेले आणि रस्ता एकदम रिकामा झाला. सरळसोट रस्ता, डोक्यावर चढत चाललेलं ऊन, पुढे लांबवर एक गुलाबी टोपी, बस्स. जानेवारीतली बडोद्याची पहाट शाल घ्यायला लावते, पण नऊ वाजले की ऊन चांगलंच लागतं. त्यात पळताना शरीर जेवढी शक्ती खर्च करतं तिचा बराच मोठा भाग अंगात उष्णताच होतो. बाहेरचं ऊन आणि आतली भट्टी, दोन्ही एकदम. चौदाव्याला मांड्या आतून घासायला लागल्या. पंधराव्याला चार मिनिटं संपता संपेनात. घड्याळ बघावं तर दीड मिनिट झालेलं. सोळाव्याला मी पळत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं, आणि एक पांढऱ्या केसांचे काका शेजारून चालत पुढे निघून गेले. चालत! हात कोपरात वाकवलेले, पावलं छोटी, ताल एकसारखा. जाता जाता म्हणाले, "बेन, शांतीथी चालो ने."

मी पळणं सोडलं आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकत निघाले. गंमत म्हणजे वेग घटलाच नाही. माझं ते पळणं म्हणजे नुसतं जागच्या जागी उडणं झालं होतं, सगळा जोर वर-खाली जात होता. अठराव्याच्या पाण्यापाशी मीठ लावलेली संत्र्याची फोड मिळाली. तिच्या चवीबद्दल मी अजून घरच्यांना पकवते.

राहता राहिला "मग ती मॅरेथॉन कसली?" हा पोटप्रश्न. धावण्याच्या शर्यतीत चालू नये असा नियम नाही. नियम आहे तो उलटा: चालण्याच्या शर्यतीत दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसले तर पंच ताकीद देतात आणि शेवटी बादही करतात. आपल्या गावाला हे कळायला हवं खरं तर. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मध्ये बाजूला बसून पाणी प्यायलेल्या बाईला "म्हणजे तू गरबा खेळलीच नाहीस" असं कोणी म्हणतं का?

मुदत साडेतीन तासांची होती आणि मी तिच्या आत पोचले. इथिओपियाच्या लेतेसेनबेत गिडेने 2021 मध्ये वॅलेन्सियाला हेच अंतर 1 तास 2 मिनिटं 52 सेकंदांत कापलं. तेवढ्या वेळात मी सातव्या किलोमीटरच्या आसपास मुलांना टाळ्या देत होते. आणखी एक, जे आधी कोणी सांगत नाही: हाफ मॅरेथॉनचं अंतर 21.0975 किलोमीटर असतं. एकवीसची पाटी दिसली की आपण मनातून संपलेले असतो आणि पुढे ते सत्त्याण्णव मीटर उभेच असतात. ते मात्र मी पळाले. फोटोवाला तिथे होता.

पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गेलं, ते आता नवीन येतंय. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "पळतेयस की! मग चालले चालले काय सांगत सुटलीस सगळ्यांना?"