वेळासला जाताना आधी पंचांग काढलं

आम्ही डिसेंबरात गेलो तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ना भेळेची गाडी होती, ना कपडे बदलायला आडोसा, ना संडास, ना जीवरक्षक. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती फेब्रुवारी-मार्चपासून. तेव्हा गाव पाहुण्यांनी भरतं. मला ती गर्दी नकोच होती. पण सोबत सत्तरी गाठलेली आई आणि दुसरीतली भाची, त्यामुळे आधी थोडं डोकं चालवावं लागलं.

पहिलं काम तिथी बघण्याचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा कोकणातला जुना हिशोब. द्वितीयेला दीडला भरती, म्हणजे ओहोटी साडेसातच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळीही. फिरायला नेमकं हेच हवं होतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ पाणी वर आणि भर दुपारी ओली वाळू मोकळी, मग उन्हात काय करणार? हल्ली मोबाइलवरही वेळा मिळतात, पण आईने तोंडी हिशोब केला आणि तो जमला.

माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला आलो. तिथून गाडी फेरीबोटीत घातली की सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, पुढे बाणकोट आणि वेळास. बागमांडल्याला पोचण्याआधीच रोख काढून ठेवली होती आणि बोटीच्या वेळाही फोनवर विचारल्या होत्या.

राहायचं गावातल्या घरीच. मी फोनवर जेवणाचं विचारण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या: संडास कमोडचा आहे का, आणि किनाऱ्यापर्यंत किती चालायचं. त्या घरच्या काकू म्हणाल्या, "आईंना दिवसभर तिथे बसवू नका हो. सकाळी जा, नाश्त्याला या, परत उन्हं उतरल्यावर जा." निम्मा प्रश्न तिथेच सुटला. घरून निघतानाच जाऊन यायचं, आणि भाचीचे ओले कपडे घरी येऊनच बदलायचे. बरोबर पाणी, टॉवेल, आईसाठी घडीची खुर्ची आणि कचऱ्याला एक पिशवी.

सुरूच्या बनातून बाहेर पडल्यावर सकाळी समोर नुसती ओली, सपाट वाळू. भाची पाण्याऐवजी खेकड्यांतच अडकली. बोटभरही नसलेला खेकडा बिळातून येतो, वाळू तोंडाशी नेतो आणि मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी करून मागे टाकतो. बिळाभोवती अशा गोळ्यांच्या रेघा. जरा पाऊल हललं की सगळे एकदम आत! मग श्वास रोखून पुन्हा वाट बघायची. तासभर गेला यात.

पाण्यात मात्र घोट्याच्या वर कोणालाच जाऊ दिलं नाही. खाडीचं मुख जवळ, ओहोटीची ओढ बाहेरच्या बाजूला, आणि हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. भाची रुसली. पोहायचं, बोटीत बसायचं असेल तर सरळ दापोलीजवळचं मुरुड गाठावं, वेळासच्या नावाने खडे फोडू नयेत.

नाश्त्याला घावणे होते. दुपारी गावातलं रामेश्वराचं देऊळ पाहिलं. हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, हे आईने भाचीला तीनदा सांगितलं. परत फिरण्याआधी काकूंना कचऱ्याची पिशवी कुठे टाकू विचारलं. त्या म्हणाल्या, "इथे नको, गाडीतून न्या." माणगावपर्यंत ती डिकीत होती.