‘किता’ आणि ‘कामी’

जकार्तात शुक्रवारी पावणेबाराच्या सुमाराला ऑफिसं ओस पडतात. पुरुष मंडळी जुम्म्याच्या नमाजाला जातात आणि तास-दीड तास कुणी कुणाला फोन करत नाही. हा वेळ मी राखून ठेवते. एखादा चित्रपट मधे न थांबता बघायचा असेल तर आमच्या स्टुडिओत इतकी शांतता पुन्हा आठवडाभर मिळत नाही.

माझं काम सबटायटल्स तपासण्याचं. संवाद इंडोनेशियन, खाली इंग्रजी ओळ. अर्थ बरोबर आहे का, वाचून होईपर्यंत ओळ पडद्यावर टिकते का, एका ओळीत ४२ पेक्षा जास्त अक्षरं जात नाहीत ना, हे बघायचं. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं की कोरियन, स्पॅनिश, हिंदी, तमिळ अशी पुढची भाषांतरं बहुतेक वेळा या इंग्रजी फाइलवरूनच होतात. इंग्रजीत जे सांडलं, ते पुढे कुणालाच उचलता येत नाही. त्यामुळे माझ्या टेबलावरून फाइल जाताना मला दर वेळी धाकधूक होते.

त्या शुक्रवारच्या चित्रपटाचं नाव करारामुळे सांगता येणार नाही. भुताचा चित्रपट म्हणून तो बाजारात जाणार होता. इथे भुतांना गिऱ्हाईक भरपूर. २०२२ साली अशाच एका चित्रपटाला थिएटरांत एक कोटीच्या आसपास प्रेक्षक आले. पण हा चित्रपट मुळात एका घराचा होता.

जोगजाकार्ताच्या आग्नेयेला गुनुंगकिदुल हा चुनखडीचा डोंगराळ भाग आहे. शिष्यवृत्तीवर भाषा शिकायला वर्षभर जोगजाला होते तेव्हा मी तिथे बऱ्याचदा गेले होते. पाऊस पडतो, पण खडकांतून झिरपून खोल निघून जातो. उन्हाळ्यात वरची तळी आटतात आणि पायाखाली, कुणाला न दिसणाऱ्या नद्या वाहत असतात. जमिनीत सरळ खाली उतरणारी विवरंही आहेत, त्यांना ‘लुवेंग’ म्हणतात. चित्रपटातली बहीण-भावंडं दुष्काळात रोज तळ्यावर पाणी आणायला जातात. बहीण दहा वर्षांची, भाऊ सहाचा. अंधाराला भिणाऱ्या भावाला ती करंगळीत करंगळी गुंतवून वचन देते: ‘किता पुलांग बारंग.’ आपण घरी बरोबरच जायचं. एका संध्याकाळी ती त्याच्यावर रागावून एकटीच पुढे निघून येते. भाऊ लुवेंगमध्ये पडतो. सापडत नाही. त्याला कफन नाही, कबर नाही, त्याच्या नावाने प्रार्थनाही नाही.

तीस वर्षांनी आई वारते आणि बहीण जकार्ताहून गावी येते. जावामधल्या मुस्लिम घरांत मृत्यूनंतर सात रात्री शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात, तिला ‘तहलिलान’ म्हणतात. पुढे चाळिसावा, शंभरावा आणि हजारावा दिवसही पाळतात. या सात रात्रींत, माणसं जेवणाच्या पुड्या घेऊन घरी गेली की, अंगणात पाण्याचा डबा टेकवल्याचा आवाज येतो. रोज थोडा जवळ.

‘पुलांग’ म्हणजे घरी परतणं. त्याच शब्दापासून झालेला ‘बर्पुलांग’ म्हणजे देवाघरी जाणं. प्रेक्षक पहिल्यापासून धास्तावलेला असतो तो यामुळेच. बरोबर घरी जायचं वचन दिलंय, आता तो तिला न्यायला आलाय.

सातव्या रात्री दार उघडतं. भाऊ उभा आहे, सहाच वर्षांचा. त्याच्या मागे, अंधाराच्या कडेला, आईच्या बाटिकच्या लुंगीचा काठ क्षणभर दिसतो. तो ताईला म्हणतो, ‘कामी पुलांग, म्बाक.’ आणि पडदा काळा.

मी हेडफोन काढला आणि रडले. खोलीत कुणी नव्हतं ते बरं झालं.

माझ्या कामाचा दुसरा फेरा आवाज बंद करून असतो. भाषा न येणाऱ्या माणसासारखं नुसतं वाचत जायचं. शेवटच्या दृश्यापाशी आले तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘वुई आर गोइंग होम, सिस्टर.’ मी फाइल थांबवली. करंगळ्या गुंततात त्या दृश्याला परत गेले. तिथेही ‘वुई’च. इंग्रजी वाचणाऱ्यासाठी त्या मुलाने वचन पुरं केलं होतं, बहिणीला बरोबर घेऊन गेला होता. मी जे पाहून रडले त्याच्या नेमकं उलट.

इंडोनेशियनमध्ये ‘वुई’साठी दोन शब्द आहेत. ‘किता’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘कामी’मध्ये तो वगळलेला असतो. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘आपण जेवू या’ आणि ‘आम्ही जेवून घेतो’ यांतलं अंतर आपल्याला चार वर्षांचे असतानाच कळतं, आणि कधीकधी झोंबतंही. लहानपणी तिने ‘आपण’ म्हटलं होतं. तीस वर्षांनी त्याने ‘आम्ही’ म्हटलं. एका शब्दात त्याने तिला मोकळं केलं. आम्ही लहानपणी शपथ घातली की ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत एकमेकांच्या मागे लागायचो, तसं त्या मुलाने न मागता ‘सुटली’ म्हटलं होतं.

मग मला सुरुवातीचं एक दृश्य आठवलं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. कंदिलाजवळ वह्या तपासतेय. मुलगा येऊन म्हणतो, ‘किता लापार, बू.’ आई, आपल्याला भूक लागली. ती वहीतून मान वर न करता विचारते, मलाही लागली का रे? मग ‘कामी’ म्हण. बहीण हसते. इंग्रजीत या जागी लिहिलं होतं: ‘प्लीज’ म्हणायला शीक. ज्या खुंटीला अख्खा शेवट टांगलेला, ती खुंटीच काढून तिथे शिष्टाचाराचा धडा लावला होता. पहिल्या भाषांतरकाराला मी दोष देत नाही. दीड सेकंदात व्याकरण कसं समजावणार? शिवाय जकार्ताच्या बोलण्यात हल्ली दोन्हीकडे सर्रास ‘किता’च वापरतात, त्यामुळे इथे वाढलेल्याच्या कानालाही ‘कामी’ खटकून जाणवेलच असं नाही.

मंडळी नमाजाहून परतल्यावर मी वरिष्ठांना सांगितलं. फाइल रात्री आठला जायची होती. ते म्हणाले, वुई म्हणजे वुई, आणि परदेशी पाहुण्यांना दाखवला तेव्हा त्यांना शेवट फार आवडला होता, अंगावर काटा आला म्हणाले. मला ते ऐकून वाईट वाटलं. काटा आला तो न घडलेल्या गोष्टीचा. मी दिग्दर्शकाला फोन लावायची परवानगी मागितली. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी दिली.

दिग्दर्शक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्बाक (ताई), गेले दहा दिवस मी शेवट बदलायचा विचार करतोय.’ पाहुणे ‘तिला नेलं ते फार भयंकर’ म्हणत होते आणि प्रकाशयोजना चुकली की संकलन, हेच त्याला कळत नव्हतं. बहीण सकाळी अंगण झाडतेय असा एक शॉट जोडावा, असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, ‘मास (दादा), तुमच्या शेवटाला हात लावू नका. ओळ माझ्याकडे द्या.’

ओळ सोपी नव्हती. मी आधी सुचवलं, ‘आम्ही जातो, तू थांब.’ त्याने नकार दिला. थांब असं तो म्हणतच नाही. थांबायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. मला ते पटलं. पुढचा तासभर आम्ही एवढ्या एका ओळीवर घालवला. मधेच त्याने विचारलं की हे माझ्याच कानाला कसं लागलं. मी त्याला दहाव्याच्या घाटावरचं सांगितलं. पिंडाला कावळा शिवला नाही तर घरातला कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतो, धाकटीचं शिक्षण मी करीन, आईला मी बघीन. माझ्या आजोबांच्या वेळी काकाने असंच काही म्हटलं आणि कावळा आला. आमच्याकडे गेलेल्याला वचन देऊन मोकळं करतात, तुमच्या चित्रपटात गेलेला जिवंत माणसाला मोकळं करतो. तो म्हणाला, ‘मराठीत तो काय म्हणेल?’ मी अडखळले. दारातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ कुणी म्हणू देत नाही. पण हा परत येणार नव्हता. ‘आम्ही जातो, ताई,’ मी म्हटलं आणि मलाच पुढे बोलवेना.

वाट शेवटी कंदिलाच्या दृश्यातूनच सापडली. तिथे ‘प्लीज’ काढून टाकलं. मुलगा म्हणतो, ‘वुई आर हंग्री.’ आई विचारते, ‘वुई? मलाही लागलीय का?’ मग सांगते, ‘माय सिस्टर अँड आय’ असं म्हण. म्हणजे इंग्रजी वाचणाराही तोच धडा शिकतो. करंगळ्यांच्या दृश्यात ‘वुई’च्या पुढे ‘यू अँड मी’ घातलं. आणि दारातली ओळ झाली, ‘इबू अँड आय आर गोइंग होम, म्बाक.’ आई आणि मी घरी जातो, ताई. दिग्दर्शकाला ‘इबू’ शब्द आईचा काठ दिसायच्या आधी यायला नको होता, म्हणून ओळ आठ फ्रेम उशिरा उमटवली. वाचायला वेळ जेमतेम पुरत होता. मी चार वेळा मोजलं.

पावणेआठ वाजले होते. इंग्रजी फाइलला पुढच्या भाषांतरकारांसाठी एक टिपणीचा रकाना असतो, एरवी तो मी रिकामा सोडते. त्या ओळीसमोर लिहिलं: मूळ शब्द ‘कामी’. तुमच्या भाषेत दोन ‘वुई’ असतील तर ऐकणाऱ्याला वगळणारा वापरा. बहीण यात नाही, ती जिवंत राहते.

मग फाइल पाठवली.