कुडल संगमाच्या वाटेवर ‘कर्नाटकचा कर’ देऊ नये

सोलापूरहून सीना-भीमेच्या संगमावरील हत्तरसंग कुडलला जाणारा रस्ता पूर्णपणे महाराष्ट्रातून जातो, हे निघण्यापूर्वीच पक्के ध्यानात ठेवावे. मंद्रूपच्या पुढे गाडी आडरस्त्याला लागताच आमच्या चालकाने कर्नाटकचा कर भरावा लागेल असे सांगून ठरलेल्या भाड्यावर सातशे रुपये मागितले, आणि परतीला दुसरे वाहन मिळणार नसल्याने ते द्यावे लागले. ही उघड लूट आहे. विजापूर रस्त्यावर वडकबाळच्या पुलाने सीना ओलांडली की आपण सीना आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात येतो, हा पट्टा निमुळता होत कुडलच्या संगमावर संपतो, आणि कर्नाटक भीमेच्या पलीकडे आहे. पुढे विजापूरलाच जायचे असेल तर महामार्गावर परत येऊन टाकळीजवळ भीमा ओलांडावी. परराज्याच्या कराचा प्रश्न तिथे येतो.

हा भाग कर्नाटकात असल्याच्या गैरसमजाला इतिहासही कारणीभूत आहे. शेजारचे अक्कलकोट भोसल्यांचे संस्थान होते, मंगळवेढा सांगली संस्थानात होते, आणि ही दोन्ही 1948 नंतर सोलापूर जिल्ह्यात आली. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्राने ती फेटाळली आणि तिची अंमलबजावणी झाली नाही. गावोगावी कन्नड कानावर पडते म्हणून राज्य बदलले असे समजू नये.

खरा त्रास शेवटच्या टप्प्याचा आहे. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत समोरून येतात, आणि बाजू द्यायला खाली उतरावे तर काळ्या मातीत चाक रुतते. पाऊस झाला असेल किंवा उजनीतून भीमेत मोठा विसर्ग सुरू असेल तर जाऊच नये.

एवढे सोसूनही जावे, असे माझे ठाम मत आहे. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. अक्षरे झिजलेली आहेत, त्यामुळे विजेरी न्यावी आणि प्रकाश समोरून न टाकता तिरपा टाकावा. मग खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि ओळ उमटते. ती दिसली त्या क्षणी सातशे रुपयांचा राग निम्मा उतरला. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातील बहुमुखी शिवलिंगावर 359 मुखे कोरलेली आहेत. त्यालाही निवांत वेळ द्यावा.

अक्कलकोटचा दिवस सुखाचा गेला. स्वामी समर्थांचे दर्शन आणि राजवाड्यातील शस्त्रसंग्रह एका दिवसात सहज होतात.

एप्रिल-मे टाळावे, कारण पारा चाळिशी ओलांडतो. पाणी आणि डबा सोलापुरातूनच घ्यावा, पहाटे निघावे, आणि भाडे ‘कुडलपर्यंत जाऊन-येऊन, कर नाही’ असे बोलून, कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नये.