दह्याची वकिली

मुलाच्या ताटात दही वाढल्यावर त्याचे गुण सांगू नयेत, असे माझे जुने आणि घरात कोणालाही न पटलेले मत आहे. गेल्या रविवारी दुपारी जळगावात भाचीकडे जेवायला बसलो होतो. तिच्या सहा वर्षांच्या मुलीपुढे दह्याची वाटी ठेवून कॅल्शियम, हाडे, दात आणि पोटातले चांगले जिवाणू असे एकामागून एक साक्षीदार उभे केले जात होते. मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि "मामाआजोबा, मग तुम्हीच घ्या," असे म्हणून वाटी माझ्याकडे सरकवली. माझ्या वयाकडे पाहता तिचा युक्तिवाद बिनतोड होता.

पेढ्याने हाडे मजबूत होतात असे सांगून आजवर कोणी कोणाला पेढा भरवलेला नाही, ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ज्या पदार्थासाठी एवढे बोलावे लागते त्यात काहीतरी खोट असणार, असा त्यांचा साधा हिशेब असतो आणि औषधाच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरलेला असतो. दह्याची वकिली मात्र फार जुनी आहे. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी 1908 साली नोबेल पारितोषिक मिळवणारे एली मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून जगाला सांगत असत, की बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचे दीर्घायुष्य त्यांच्या आंबवलेल्या दुधात आहे. पुढे 1919 साली बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी पोटाच्या विकारांनी त्रासलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून दही विकायला काढले, तेही औषधांच्या दुकानांतून. हेतू चांगलाच होता. तरीही दही खाण्यासाठी औषधाच्या दुकानात नेलेल्या त्या मुलांची मला आजही कीव येते.

यावल तालुक्यातल्या आमच्या गावी मोठीमायने दह्याबद्दल एकही चांगला शब्द काढल्याचे मला आठवत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि दह्याच्या जिवाणूंना साधारण तेवढीच ऊब मानवते, त्यामुळे तेव्हा विरजण कशाने लागत नाही हा प्रश्न नसे, ते आवरायचे कसे हा असे. सकाळी लावलेले दही दुपारच्या जेवणाला तयार होई आणि दिवेलागणीपर्यंत इतके आंबट होई की पहिल्या घासाला डोळे आपोआप मिटत. म्हणून उन्हाळ्यात ती बोटाच्या टोकावर मावेल एवढेच विरजण घाली, आणि थंडीत मात्र चांगले चमचाभर घालून, दूध जरा कोमट ठेवून, गाडगे घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवी. लागत्या दह्याला धक्का लावायचा नाही, हा तिच्या घरातला एकमेव कडक कायदा होता. ज्याला हात लावायची बंदी आहे ते पाहण्यासाठी आम्ही मुले दर थोड्या वेळाने त्या कोपऱ्यात जात असू. मातीने पाणी शोषून घेतल्यामुळे दही घट्ट होते वगैरे कारणे पुष्कळ नंतर कळली.

दुपारी ती जर्मनच्या ताटलीत कळण्याची भाकरी कुस्करी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती काळपट भाकरी, तिच्यावर दही, मीठ, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा. ती हे सगळे आमच्यासाठी करत नसे. स्वतःसाठी करत असे आणि आमच्याकडे न पाहता जेवायला लागे. कोणी नाक मुरडलेच तर "तुले नको तं राहू दे, मी खाते," एवढेच म्हणे, आणि ते खरे असे. त्या 'राहू दे'मध्ये धमकी नव्हती, लाडीगोडी नव्हती आणि आपला वाटा जाणार याची शंभर टक्के खात्री होती. वरच्या सायीवरून आमची भांडणे होत. कोणत्याही आहारतज्ज्ञाला हेवा वाटावा अशी ती भांडणे होती.

दह्यात साखर घालण्याला माझा विरोध आहे. परीक्षेला निघताना तळहातावर मिळणारे दही-साखर तेवढे मी मान्य करतो, कारण तो शकुन आहे, जेवण नव्हे. दुकानातल्या गुलाबी डबीवर साखरेचा आकडा छापलेला असतो, तो एकदा वाचावा, म्हणजे पुढचे बोलावे लागत नाही.

वांग्याचेही तसेच. घरी वांगे पाहून रडणारी मुले हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टीला काय करतात ते पाहावे. पऱ्हाट्यांच्या जाळावर पांढरट हिरवी वांगी भाजली जातात, राखेने हात काळे होतात, मिरच्या आणि लसूण कुटण्यासाठी मुलांमध्ये ओढाओढ होते, आणि मग हीच मुले कांद्याची पात दाताने तोडत पुरीबरोबर भरीत संपवतात. मोठी माणसे तेव्हा आपापल्या गप्पांत असतात, कोणाचेही कोणाच्या ताटाकडे लक्ष नसते. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात; पण तो समोर येताना प्रत्येक वेळी आईची नजर घासावर खिळलेली असेल, तर त्या आठ-दहा वेळा म्हणजे आठ-दहा उलटतपासण्याच होत असाव्यात.

केळ्याची कथा वेगळी आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी केळीच्या बागांमध्ये वाढलेली आमच्याकडची मुले केळे पुढे केले की तोंड फिरवतात. घरात घड लटकतो आहे, जाता-येता दिसतो आहे, त्याचे अप्रूप कुठून येणार? यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही, आणि शोधण्याची फारशी घाईही नाही.

पण तेच केळे आमच्या खानदेशातच दुसऱ्या टोकाला, नंदुरबारच्या सातपुड्यात, वेगळ्या कारणाने मोजले जाते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून कुपोषणाच्या बातम्या अजूनही येतात. तिथल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडे द्यायचे असते आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी. त्या अंगणवाडीतल्या सेविकेसमोर, मुलांना चांगल्या खाण्याची गोडी कशी लावावी, हा विषय काढण्याची माझी हिंमत होणार नाही; तिची चिंता पावसाने रस्ता खचला असताना ती अंडी पाड्यापर्यंत पोहोचतील की नाही, ही असते.