शरणपूरची पोरं आणि रबाईचं चर्च

केनियातल्या मोम्बासाहून नैरोबीच्या रस्त्याने मझेरासपर्यंत मटाटू, म्हणजे तिकडची वडाप. पुढे रबाईपर्यंत बोडाबोडा: मोटरसायकलवाल्याच्या मागे घट्ट धरून बसायचं. लाल माती, माड, उकाडा. कोकणातल्या माणसाला नवल वाटावं असं काही नाही. मी आलो होतो तो विल्यम जोन्स नावाच्या, नाशिकला वाढलेल्या एका आफ्रिकन माणसाच्या मागावर.

रबाईत १८४६ साली क्राप्फ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी ठाणं मांडलं. क्राप्फच्या नावाचं छोटं म्युझियम तिथे आहे. पण खरं सांगायचं तर या दोघांच्या काळात ख्रिस्ती झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. चर्च वाढलं ते पुढे, आणि त्यात मोठा हात ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळींचा.

गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनच्या आश्रमात वाढली. आजचा शरणपूर रोड तोच. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, हातात एखादा धंदाही आला. संशोधक प्रवासी लिव्हिंगस्टनचं हृदय आफ्रिकेत पुरलं तेव्हा प्रार्थना म्हणणारा जेकब वेनराइट तिथलाच. विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये रबाईला पोचले. पुढे १८७५ मध्ये मोम्बासा बेटासमोर मुक्त गुलामांची वस्ती झाली, फ्रीअर टाऊन. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, आणि ती वसवणारे प्राइससाहेब आधी शरणपूर सांभाळणारे! तिथली घंटा अजून भर रहदारीत उभी आहे.

लंडनमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी हेन्री व्हेन सांगत, की चर्चने स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतःच करावा. कागदावर झकास. किनाऱ्यावरच्या गोऱ्या साहेबांना मात्र कोट घातलेले, इंग्रजीत उलट उत्तर देणारे हे शिकलेले आफ्रिकन खटकत. काम त्यांच्याकडून, हुकूम साहेबाचा.

जोन्सला पाळकपणाची दीक्षा मिळायला १८८५ उजाडलं. म्हणजे वीसेक वर्षं बिनपदवीची सेवा. त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मोजकी माणसं घेऊन पुढे गेले आणि बुसोगात मारले गेले. मागे राहिलेला तांडा जोन्सने १८८६ च्या फेब्रुवारीत रबाईला परत आणला, निळं निशाण धरून. त्यावर पांढरी अक्षरं: ईखाबोद. शमुवेलाच्या पुस्तकातलं नाव, वैभव गेलं अशा अर्थाचं. मालकांकडून पळालेले गुलाम रबाईत आसऱ्याला येत, तेव्हाही त्या सगळ्या भानगडीला तोंड द्यायला जोन्सच होता. शेवटी १८८८-८९ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश कंपनीने मिशनच्या ठाण्यांवरच्या सुमारे १४०० जणांसाठी मालकांना पैसे मोजले.

केनियाचा स्वतंत्र अँग्लिकन प्रांत, म्हणजे आपला कारभार आपणच पाहणारं चर्च, झाला तो थेट १९७० मध्ये. फेस्टो ओलांग पहिले आर्चबिशप.

रविवारी उपासना संपल्यावर चर्चबाहेर लिलाव होता. ज्यांच्याकडे रोख नसते ते शेतातलं आणतात: नारळ, पपई, पाय बांधलेली कोंबडी. एका आजींनी स्वतःच दिलेल्या भोपळ्यावर बोली लावली, शेजारणीने वाढवली, आजी हटेनात. भोपळा बाजारभावाच्या दुपटीला गेला. मग वहीवाल्या पोराने मागच्या रविवारची जमा मोठ्याने वाचली, आणि छपराच्या पत्र्यांना अजून किती कमी पडतात तेही.