तुम्ही विचारलंत म्हणून: आजला (आजोबा) नरकात गेला का?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की हा प्रश्न येतोच. नव्यानं ख्रिस्ती विश्वासात आलेल्या घरांतून येतो, शेजारच्या हिंदू मित्रांकडून येतो, कधी टोमणा म्हणून, कधी खरोखर पोटतिडकीनं: "मंग मना आजला नरकमा गया का?" आजल्यानं येशूचं नावही ऐकलं नव्हतं. पितरांना पाणी पोचावं म्हणून त्याच्या नावानं दरसाल आखाजीला घागर भरली जायची. घागरीवर मातीचा लोटा, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. मी दोन्ही देत नाही, म्हणून 'तुम्ही पळवाट काढता' हेही ऐकून झालंय.

घोटाळा शब्दापासूनच आहे. पुराणातला नरक मुदतीचा. पाप भोगून सरलं की जीव पुढच्या जन्माला निघाला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल जसं आखाजीला सरतं, हिशोब होतो, तसंच. मराठी बायबल करणाऱ्यांनी हाच शब्द उचलला आणि साल न सरणाऱ्या शिक्षेला लावला. पाळक (पाद्री) 'नरक' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक असतं, आणि सतरंजीवर मागं बसलेल्या म्हातारीच्या मनात कढया, यमदूत आणि कधीतरी सुटका.

त्यात बायबलात शब्द एक नाही. जुन्या करारात हिब्रू 'शेओल' सुमारे ६५ वेळा येतो. ती मेलेल्यांची जागा, चांगल्या-वाईट सगळ्यांची, आपल्याकडे 'अधोलोक'. नव्या करारातला ग्रीक 'हेडीस' म्हणजेही अधोलोकच. 'गेहेन्ना' वेगळा. तो १२ वेळा येतो, त्यातले ११ वेळा येशूच्या तोंडी, आणि मराठीत त्याचाच 'नरक' झाला. गेहेन्ना ही यरुशलेमेजवळची खरीखुरी दरी. तिथं पोरं आगीत होमली जात, म्हणून योशीया राजानं ती जागा भ्रष्ट केली (२ राजे २३:१०). तिथं गावाचा कचरा सतत जळत असे, हे प्रवचनात हमखास सांगतात. त्याचा आधार साधारण १२०० सालच्या एका यहुदी भाष्यकारापर्यंतच जातो, येशूच्या काळापर्यंत नाही. ते सांगणं सोडा. आणि अधोलोक व नरक एका पातेल्यात घालू नका: प्रकटीकरण २०:१४ मध्ये अधोलोकच अग्निसरोवरात टाकला जातो. दोन्ही एकच असते तर ते वाक्य उभंच राहत नाही.

आता लूक १६, येशूनं सांगितलेला दृष्टांत: श्रीमंत माणूस आणि भिकारी लाजर, दोघंही मेल्यानंतर. सांत्वनाच्या भेटीला कुणी हा उतारा उघडला की अंगावर काटा येतो. समोर बसलेल्या बाईनं मेलेल्याला पाणी मिळावं म्हणूनच इतकी वर्षं घागर भरलेली असते. ती आपण बंद करवली. आणि आता तिला ऐकवतोय की तिकडे एकजण बोटाच्या टोकाएवढं पाणी मागतोय आणि ते मिळत नाही. याहून क्रूर वाचन मला माहीत नाही. बरं, ज्यासाठी हा उतारा वाचला जातो ते त्यात आहे का? तो माणूस अधोलोकात आहे, गेहेन्नात नाही. त्याचे पाच भाऊ अजून जिवंत आहेत, म्हणजे शेवटचा न्याय व्हायचाय. त्यानं कुणावर विश्वास ठेवला नाही, बाप्तिस्मा घेतला नाही, असा चकार शब्द नाही. दारात फोड आलेला भिकारी पडला होता, कुत्री ते फोड चाटत होती, आणि हा रोज मेजवान्या झोडत होता, एवढंच दिसतं. नाव आहे ते भिकाऱ्याला, श्रीमंताला नाही. अब्राहाम त्याला 'मुला' म्हणतो. म्हणतो, आणि पाणी देत नाही. मधली दरी कुणाला ओलांडता येत नाही. हे शेवटचं मला धुऊन काढता आलेलं नाही. 'दृष्टांतच आहे' म्हणून हात झटकता येतात, पण दृष्टांत निवडणाऱ्यानं हाच निवडला.

पूर्वी मी हा उतारा परलोकाचा नकाशा म्हणून शिकवायचो: इकडे आग, तिकडे लाजर विसावला ते अब्राहामाचं ऊर, मध्ये रेघ. त्या जुन्या मला आज विचारावंसं वाटतं, यशया ६६:२४ वाचलं होतंस का? न मरणारा किडा आणि न विझणारी आग मार्क ९ मध्ये तिथूनच आलीय, आणि तिथं ती प्रेतांवर आहे, जिवंत माणसांवर नाही. मत्तय १०:२८ मध्येही शब्द 'नाश' असाच आहे. यावरून काहीजण म्हणतात, दुष्ट शेवटी नाहीसे होतात. अ‍ॅडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ हेच मानतो. पण जुना मी गप्प बसणारा नव्हे. तो मत्तय २५:४६ पुढे करतो: शिक्षाही सार्वकालिक, जीवनही सार्वकालिक, विशेषण एकच. एकाची मुदत कापलीस तर दुसऱ्याचीही कापावी लागेल. हा जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचा मुद्दा, आणि तो अजून मला मोडता आलेला नाही.

येशूचं नाव न ऐकलेल्यांबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांतच (चर्चांत) एकमत नाही. १४४२ साली कॅथलिकांच्या फ्लॉरेन्स परिषदेनं मंडळीबाहेरच्यांना सरळ सार्वकालिक अग्नीत पाठवलं. १९६४ साली त्यांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं, आपला दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. भुसावळच्या कॅथलिकाला हे वाचून दाखवता येतं. नंदुरबारकडच्या मंडळीत दाखवाल तर योहान १४:६ तोंडावर येईल: येशूद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कुणी येत नाही. तिथं मी रोमकरांस २:१४-१६ काढतो. मोशेचं नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, असं प्रेषित पौल म्हणतो. त्यानं आजला सुटला असं सिद्ध होत नाही. निकाल आपल्या हाती नाही, एवढंच. आणि शुद्धीस्थानाची, म्हणजे मेल्यावर जीव शुद्ध होतो त्या कॅथलिक कल्पनेची, आशा कुणाला लावू नका. २ नोव्हेंबरला कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, पण शुद्धीस्थान हे तारण झालेल्यांसाठी, दुसरी संधी म्हणून नव्हे.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: "घागर भरू का नको?" पाळक नको म्हणतात, आणि पितरांना पाणी पोचवायला म्हणून भरणार असाल तर मीही नकोच म्हणतो. विचारणाऱ्या बाईला ते पटत नाही. ती घागर कुंभाराकडून आणते, भरते, ओट्यावर ठेवते. वर खरबूज नाही, सांजोरी नाही. कुणासाठी, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.